जोखमीच्या गरोदरपणात वजनाचा काटा कसा वाचावा आणि ताटात काय वाढावे

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या शिबिरात, म्हणजे दर महिन्याच्या ९ तारखेला, तपासणी होऊन कार्डावर लाल स्टिकर, म्हणजे जोखमीच्या गरोदरपणाची खूण, लागले की घरात बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. सासूबाई म्हणतात, दोन जिवांची आहे, दोघांचे खायला घाला. किंवा गल्लीतली एखादी जाणती बाई बजावते, पोटात बाळ फार वाढू देऊ नका, बाळंतपण जड जाईल, एक भाकरी कमीच द्या. दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात आणि दोन्ही चुकीचे ठरू शकतात, कारण जोखीम कसली आहे हे कोणी विचारलेलेच नसते. एकीचे रक्त कमी, दुसरीचा रक्तदाब वाढलेला, तिसरीची साखर वाढलेली, चौथीच्या पोटात जुळी आणि पाचवीचे मुळातले वजनच ३८ किलो, अशा पाच जणींच्या कार्डांवर सारखेच लाल स्टिकर असू शकते. त्यांची ताटे मात्र सारखी असून चालत नाही.

म्हणून आशाताईंना, सिस्टरांना किंवा डॉक्टरांना सर्वांत आधी विचारावे ते हे, की लाल स्टिकर नेमके कशासाठी लावले आहे. ते कारण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. पुढे जे सांगितले आहे ते त्या कारणाशी ताडून आणि आपल्या डॉक्टरांना दाखवूनच वापरावे.

पहिले वजन आणि उंची

गरोदरपणात किती वजन वाढावे हे ठरते ते दिवस राहण्याआधीच्या वजनावरून. अडचण अशी की आपल्याकडे लग्नानंतर दवाखान्याची पायरी चढायची वेळ बहुधा दिवस गेल्यावरच येते, त्यामुळे आधीचे वजन कोणालाच ठाऊक नसते. अशा वेळी पहिल्या तीन महिन्यांत केलेले वजन आधार म्हणून धरता येते, कारण तोवर साधारण अर्धा ते दोन किलोच वाढ झालेली असते. नोंदणी बारा आठवड्यांच्या आत करण्याचा आग्रह आरोग्य केंद्र धरते, त्यामागे हेही एक कारण आहे. पाचव्या महिन्यात नोंद झालेल्या बाईच्या बाबतीत एकूण वाढीचा हिशेब लागत नाही. तिथे केवळ पुढच्या महिन्यांतील वेगावर लक्ष ठेवावे लागते.

उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करावा आणि त्याने वजनाला भागावे. येणारा आकडा म्हणजे बीएमआय. उंची १५० सेंटिमीटर म्हणजे दीड मीटर, तिचा वर्ग २.२५. अशा बाईचे वजन ४० किलो असेल तर बीएमआय १७.८ येतो, ५० किलो असेल तर २२.२ आणि ६० किलो असेल तर २६.७.

अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये ठरवलेली मर्यादा जगभर वापरली जाते. तिच्यानुसार बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर १२.५ ते १८ किलो, १८.५ ते २४.९ असेल तर ११.५ ते १६ किलो, २५ ते २९.९ असेल तर ७ ते ११.५ किलो आणि ३० किंवा त्याहून अधिक असेल तर ५ ते ९ किलो वाढ योग्य धरतात. आपल्याकडील सरकारी मार्गदर्शनात मात्र सरसकट ९ ते ११ किलो, आणि पहिल्या तीन महिन्यांनंतर महिन्याला सुमारे दोन किलो असा साधा हिशेब सांगितलेला आढळतो. हे दोन आकडे एकमेकांना खोटे पाडत नाहीत. आपल्या बायकांची चण लहान, त्यामुळे मध्यम बांध्याच्या बाईने अमेरिकेतील मर्यादेच्या खालच्या टोकाकडे राहणे पुरेसे ठरते. पण ४० किलोच्या बाईला नऊ किलोवर समाधान मानायला सांगणे मला पटत नाही. दुसरी बाजू अशी, की आशियाई लोकांत मधुमेहाचा धोका कमी वजनावरच सुरू होत असल्यामुळे आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा असे धरतात. म्हणून बीएमआय २४ असलेल्या आणि घरात मधुमेह असलेल्या बाईने सोळा किलोंपर्यंतची मोकळीक आहे असे समजू नये.

काट्याची नोंद

एकूण आकड्यापेक्षा वेग महत्त्वाचा असतो. चौथ्या महिन्यापासून कमी वजनाच्या बाईचे आठवड्याला साधारण अर्धा किलो, मध्यम वजनाच्या बाईचे ४०० ग्रॅमच्या आसपास, जास्त वजनाच्या बाईचे ३०० ग्रॅमपेक्षा थोडे कमी आणि लठ्ठ बाईचे २०० ग्रॅमच्या आसपास वाढणे अपेक्षित असते. वजन नेहमी एकाच काट्यावर, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी आणि चपला काढून करावे. अंगणवाडीतला काटा आणि ग्रामीण रुग्णालयातला काटा यांत एखाद्या किलोचा फरक सहज पडतो, आणि त्या एका किलोपायी घरी उगाच काळजी तरी होते किंवा खरी काळजीची गोष्ट लपून तरी जाते. जोखीम असलेल्या बाईने दर आठवड्याला ठरलेल्या वारी वजन करून तारखेसह लिहावे. आठवडी बाजाराचा वार ठरवला की तो विसरत नाही.

या नोंदीत तीन गोष्टी शोधायच्या असतात. महिनाभर वजन जागचे हललेच नाही, तर अन्न कमी पडते आहे, उलट्या होत आहेत, किंवा बाळाची वाढ खुंटली आहे का हे पाहावे लागते. महिन्यात तीन किलोंहून अधिक वाढले, तर जुळे, साखर किंवा रक्तदाब यांची शंका घ्यावी लागते. आणि विसाव्या आठवड्यानंतर एकाच आठवड्यात किलोभराहून अधिक वाढले, शिवाय सकाळी उठताना चेहरा किंवा हाताची बोटे सुजलेली दिसली, बांगड्या घट्ट वाटू लागल्या, तर ते वजन अन्नाचे नसून अंगात साठलेल्या पाण्याचे असण्याचा संभव मोठा. त्या दिवशी जेवण कमी करत बसू नये, रक्तदाब आणि लघवी तपासून घ्यावी.

वाढलेले वजन जाते कुठे, असे घरातील पुरुष कधी कधी विचारतात. पूर्ण दिवसांचे बाळ सुमारे तीन किलोंचे, वार (प्लॅसेंटा) अर्ध्या किलोहून थोडी अधिक, गर्भजल सुमारे पाऊण किलो, गर्भाशय किलोभर, वाढलेले रक्त सव्वा ते दीड किलो. उरते ते आईच्या अंगातील इतर पाणी, स्तनांची वाढ आणि दूध पाजण्याच्या काळासाठी शरीराने बाजूला ठेवलेली चरबी. म्हणजे "बाळ तर तीनच किलोंचे, मग दहा किलो कशाला" हा हिशेब चुकीचा आहे.

मराठवाड्याचे ताट

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात, आणि प्रथिने दुसऱ्या तिमाहीत रोज साडेनऊ ग्रॅम व तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅम जास्त लागतात. दोघांचे जेवण ते हे नव्हे. मध्यम आकाराची ज्वारीची एक भाकरी आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे एवढ्यात जवळपास ३५० कॅलरी भरतात. मूठभर शेंगदाणे, एक अंडे आणि एक मोठा पेला दूध यांतून सुमारे २१ ग्रॅम प्रथिने मिळतात. शहरातून आणलेल्या प्रथिनांच्या पावडरीचा डबा परवडत नाही म्हणून हळहळणाऱ्या कुटुंबांना हे आवर्जून सांगावेसे वाटते, कारण त्याच पैशांत महिनाभराचे शेंगदाणे, फुटाणे आणि अंडी येतात. शिवाय जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात अतिप्रथिनयुक्त पूरक आहाराची शिफारस करत नाही. कुपोषण जास्त असलेल्या भागांत ती सांगते तो ऊर्जा आणि प्रथिने यांचा समतोल राखणारा आहार.

आपल्या स्वयंपाकघरात उणीव आहे ती धान्याची नाही. ज्वारी आणि बाजरी भरपूर आहे. पण ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी असतो आणि तो डाळींत भरपूर असतो, म्हणून नुसत्या ठेच्याबरोबर किंवा पातळ रश्शाबरोबर खाल्लेली भाकरी पोट भरते, बाळाला पुरत नाही. तुरीच्या घट्ट वरणाची एक वाटी, मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, हुलग्याचे माडगे, शेंगोळे, पिठले यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत असावे. धपाट्यांच्या पिठात ज्वारीबरोबर बेसन आणि चिरलेली मेथी किंवा शेपू घातला तर एकाच पदार्थात बरेच काही साधते. तिळाच्या किंवा कारळ्याच्या चटणीचा एक चमचा कॅल्शियम आणि लोह दोन्ही देतो. तांदुळजा, घोळ, हरभऱ्याचा पाला, अंबाडी, चुका या भाज्या हंगामात बांधावरच मिळतात आणि त्या धुऊन, नीट शिजवून रोज खाव्यात. फळांत पेरू, आवळा, जालन्याची मोसंबी आणि बालाघाटाच्या डोंगरातले सीताफळ ही आपली फळे आहेत. साखर वाढलेली असेल तर सीताफळापुरता हात आखडता घ्यावा. पिकलेली पपई चालते, कच्ची टाळावी.

दूध उकळूनच प्यावे. शेळीचे धारोष्ण दूध ताकद देते म्हणून देण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. न उकळलेल्या दुधातून ब्रुसेला जंतूंचा संसर्ग होतो आणि त्याने गर्भपातही होऊ शकतो. रक्त वाढावे म्हणून बोकडाचे काळीज खाऊ घालतात, पण त्यात अ जीवनसत्त्व फार जास्त असते आणि सुरुवातीच्या महिन्यांत त्याचा अतिरेक बाळाच्या घडणीला अपायकारक असतो, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत काळीज टाळावे. मटण नीट शिजवून खाण्यास हरकत नाही. टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागतात तिथे पाणी उकळून किंवा आरोग्य सेविकेने दिलेले क्लोरीनचे थेंब टाकून प्यावे, कारण एका जुलाबाच्या दुखण्यात महिन्याची वजनाची कमाई निघून जाते.

एवढे सगळे लिहूनही मूळ प्रश्न राहतो तो पंगतीचा. घरात सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाण्याची सवय जिला आहे, तिच्या वाट्याला वरण तळाचे आणि भाजी पातेले पुसण्यापुरती येते. ताट आधी वाढून झाकून ठेवणे हा यावरचा उपाय आहे आणि तो सासूच्या हातात आहे, डॉक्टरांच्या नाही. समुपदेशनाला सासूबाईंना सोबत न्यावे असे मी म्हणतो ते त्यामुळेच.

रक्त कमी असेल तर

हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की गरोदर बाईला रक्तक्षय आहे असे धरतात. ७ ते ९.९ मध्यम आणि ७ च्या खाली तीव्र. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे ही जोखीम शेजारच्या घरची नसून बहुधा आपलीच असते.

आहाराने रक्तक्षय टाळायला मदत होते. झालेला रक्तक्षय केवळ बीट, खजूर आणि गूळ-शेंगदाण्याने भरून निघत नाही. चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, जिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते, किमान १८० दिवस घ्यायची आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. रक्त आधीच कमी असेल तर डॉक्टर रोज दोन गोळ्या सांगतात, आणि दिवस भरत आलेले असतील किंवा गोळ्या लागू पडत नसतील तर शिरेतून लोह देतात. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. दुसऱ्या तिमाहीत जंतांची ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची एक गोळी देतात तीही घ्यावी. अनवाणी शेतात जाणाऱ्या बाईच्या आतड्यात आकडेकृमी असतील तर खाल्लेले लोह त्यांच्याच कामी येते.

गोळी घेण्याची वेळ ही या सगळ्यातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. चहातील टॅनिन लोह शोषू देत नाही, आणि आपल्याकडे तर गोळी चहाबरोबरच घेतली जाते. गोळीच्या आधी आणि नंतर एक तास चहा नको. लिंबू पिळलेले पाणी, आवळा किंवा मोसंबी यांच्याबरोबर घेतली तर ती अधिक लागू पडते. उपाशीपोटी मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर तासाभराने घ्यावी. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर कधीही घेऊ नये, दोहोंत किमान दोन तास जावेत. सकाळच्या आणि दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम व रात्री लोह अशी वाटणी सोपी पडते. शौचाला काळे होणे हे गोळी पोटात गेल्याचे लक्षण आहे, बाळ काळे होण्याचे नाही. भाजी लोखंडी कढईत करावी; अंबाडीसारख्या आंबट भाजीत कढईचे लोह चांगले उतरते, फक्त शिजल्यावर ती दुसऱ्या भांड्यात काढावी. माती, पाटीवरची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर ते डोहाळे म्हणून हसण्यावारी नेऊ नये. पुष्कळदा ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते.

साखर वाढलेली असेल तर

सरकारी केंद्रात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० किंवा अधिक आली तर गरोदरपणातील मधुमेह आहे असे धरतात. पहिल्या भेटीत ही तपासणी ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत ती पुन्हा करायची असते, आणि दुसऱ्या वेळी अनेकजणी चुकवतात.

निदान झाल्यावर साधारण दोन आठवडे आहाराने साखर आवरते का ते पाहतात. उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत साखर राहावी हे लक्ष्य असते. यासाठी उपाशी राहणे हा उपाय नव्हे. उपाशी राहिल्याने रक्तात कीटोन, म्हणजे अंगातली चरबी जळून तयार होणारी द्रव्ये, वाढतात, आणि तेही बाळाला चांगले नसतात. दिवसाचे अन्न तीन जेवणे आणि तीन छोटी खाणी असे विभागणे, हेच खरे तंत्र आहे. ज्वारीची भाकरी साखरेला चांगली, असे ऐकून एका बैठकीत तीन भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. दीड भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, वाटीभर पालेभाजी, काकडी किंवा मुळा आणि वाटीभर दही असे ताट असेल तर तीच भाकरी हळूहळू पचते. अकरा वाजता मूठभर फुटाणे आणि ताक, चार वाजता एक पेरू किंवा उकडलेले अंडे, आणि झोपण्यापूर्वी बिनसाखरेचे दूध. रात्रीचा मोठा खंड पडू नये म्हणून हे शेवटचे दूध टाळू नये.

बंद करायचे ते चहातील साखर, गूळ, उसाचा रस, थंड पेयांच्या बाटल्या, बेकरीची बिस्किटे आणि फळांचा रस. मोसंबी खावी, तिचा रस काढून पिऊ नये. गूळ देशी आहे म्हणून साखरेपेक्षा निर्धोक असतो हा गैरसमज आपल्या ऊसपट्ट्यात फार घट्ट बसलेला आहे. हिवाळ्यातला हुरडा खाण्याचा मोह कोणालाही आवरत नाही; तो कोवळा असताना गोड असतो, म्हणून वाटीभर घ्यावा, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर घ्यावा आणि त्या वेळची भाकरी सोडावी. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे अंगणात चालले तर साखर खाली येते, अर्थात डॉक्टरांनी पडून राहायला सांगितले नसेल तर.

या बाईने वजन उतरवायचे नसते. वाढीचा वेग मंद ठेवायचा असतो, एवढेच. दोन आठवड्यांत आकडे आटोक्यात आले नाहीत तर डॉक्टर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन सुरू करतात. इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही आणि बहुतेक जणींचे ते बाळंतपणानंतर बंद होते, त्यामुळे "एकदा लागले की जन्माचे" ही भीती ठेवून ते नाकारू नये.

रक्तदाब, कमी वाढ, जुळी आणि इतर

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल तर घरात प्रथम मीठ तोडतात. अळणी जेवणाने गरोदरपणातील हा रक्तदाब टळत नाही आणि बेचव जेवणामुळे बाई कमी जेवते, म्हणजे नुकसान दुहेरी होते. मीठ आयोडीनयुक्त असावे, स्वयंपाकात नेहमीपेक्षा थोडे कमी असावे आणि पापड, लोणचे, फरसाण, वरून घेतलेले मीठ हे सोडावे, एवढे बस. कॅल्शियम मात्र इथे मोलाचे आहे. ज्यांच्या आहारात ते कमी असते अशा बायकांत कॅल्शियमच्या गोळ्यांनी हा आजार होण्याचा धोका कमी होतो, म्हणून चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात. धोका जास्त असलेल्या बाईला डॉक्टर कमी मात्रेची अॅस्पिरिनही सुरू करतात. ती आपल्या मनाने घेऊ नये आणि सुरू असलेली सोडूही नये. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकल्यासारखे होणे, छातीखाली पोटात कळ येणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता १०२ किंवा १०८ ला फोन करावा.

मुळात वजन कमी असलेल्या, किंवा सोनोग्राफीत बाळ आठवड्यांच्या मानाने लहान दिसलेल्या बाईचे दोन जेवणांतले अंतर कमी करावे. एका वेळी ढकलून खायला लावण्यापेक्षा दर अडीच-तीन तासांनी काहीतरी द्यावे: तूप घातलेली बाजरीची खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, शेंगदाण्याचा लाडू, ज्वारीच्या कण्या आणि दही. बाळाची वाढ खुंटण्याचे कारण वारेतील रक्तपुरवठा हे असेल तर केवळ खाण्याने बाळ भरत नाही, हेही घरच्यांनी समजून घ्यावे, म्हणजे दोष बाईच्या जेवणावर येत नाही. मराठवाड्यात लग्ने अजूनही लवकर होतात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीचे स्वतःचे शरीर वाढत असते, आणि तिची व बाळाची गरज एकाच ताटातून भागवायची असते.

जुळी असतील तर मध्यम वजनाच्या बाईने १७ ते २५ किलो वाढवावे असे म्हणतात. शेवटच्या महिन्यांत पोटात जागाच उरत नाही आणि दिवसही बहुधा लवकर भरतात, म्हणून वाढ पाचव्या-सहाव्या महिन्यापासूनच साधावी लागते. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी आणि तिच्यानंतर चार तास लोह किंवा कॅल्शियम घेऊ नये. उलट्यांमुळे आधीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून अधिक वजन उतरले, म्हणजे ४५ किलोच्या बाईचे सव्वादोन किलोंहून जास्त, तर सलाईन आणि औषध लागते.

मिश्रीविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. दातांना लावायची म्हणून तिला कोणी तंबाखू समजत नाही आणि तपासणीच्या वेळी "तंबाखू खाता का" या प्रश्नाला नकार मिळतो. ती जाळलेली तंबाखूच आहे, तिच्यातील निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाते, रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळ कमी वजनाचे जन्मते. चांगल्या ताटावर ती पाणी फिरवते. उपवासांचेही तसेच, जोखमीच्या बाईने निर्जळी किंवा दिवसभराचा उपवास करू नये, आणि साबुदाणा-बटाट्याचा उपवास साखर वाढलेल्या बाईला उपाशी राहण्याहून बरा नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी

बीड, जालना, परभणी, धाराशिव या भागांतून दिवाळीच्या सुमारास कोयता, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या नवरा-बायकोच्या जोड्या, निघतो तेव्हा गरोदर बायकाही निघतात. जोखमीच्या बाईने जाऊ नये हे सांगणे सोपे आहे. जोडीने उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते हे सांगणाऱ्याला विसरून चालत नाही. शक्य असेल तर तिला मागे आईकडे किंवा सासूकडे ठेवावे. जावेच लागले तर माता-बाल संरक्षण कार्ड, तपासण्यांचे कागद आणि पूर्ण मुक्कामाच्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्या आशाताईंकडून मागून घ्याव्यात आणि कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवावे. मोळ्या उचलणे आणि गाडीवर चढवणे तिने करू नये. पहाटे फडात जाताना चटणी-भाकरीबरोबर उकडलेली अंडी, भिजवलेले हरभरे किंवा मटकी बांधून न्यावी, कारण फडात दुपारपर्यंत दुसरे काही मिळत नाही. काटा तिथे नसतो. बांगडी घट्ट होणे आणि सकाळी चेहरा सुजणे या दोन खुणांवर तिथे लक्ष ठेवावे.

अंगणवाडीतून मिळणारा शिधा गरोदर बाईच्या नावाचा असतो, तो घरातल्या सगळ्या मुलांत वाटला जाऊ नये. नांदेडच्या किनवटसारख्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून एक वेळचे गरम जेवण मिळते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये बाईच्या खात्यात येतात. त्यांतले काही अंडी-दुधासाठी वेगळे काढावेत.

बाळंतपणानंतर आहार कमी करू नये. दूध पाजणाऱ्या आईची गरज गरोदरपणापेक्षा अधिक असते, आणि सव्वा महिना नुसत्या मऊ भातावर ठेवलेली बाई पुढच्या खेपेला पुन्हा कमी रक्तानेच नोंदणीला येते. साखर वाढलेली होती तिने सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करावी आणि नंतर दरवर्षी करत राहावे. बाळाच्या दीड महिन्याच्या लसीसाठी केंद्रात जायचेच असते. त्याच दिवशी आईचेही वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहून ते त्याच वहीत लिहावे.